पद्माकाकूंची कटाची आमटी

आमटीचा पहिला भुरका मारला आणि हृषिकेश थबकला. तिखट घशाला लागलं, जीभ पोळली, पण चव म्हणून काही लागेना. त्याने दुसरा भुरका मारला. तेच.

गुरुवारी खाणीवर त्याच्याच शिफ्टमधला एक जण कोविड पॉझिटिव्ह निघाला होता. दोन वर्षं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया दार लावून बसलं होतं, तोवर कालगुर्लीत सगळे कसे निवांत. महिन्यापूर्वी सीमा उघडली आणि आता रोज कुणा ना कुणाचं नाव कानावर येई. सकाळची रॅट, म्हणजे घरच्या घरी करायची चाचणी, निगेटिव्ह होती, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत त्या पट्टीवर विश्वास कोण ठेवतो? आणि समोर उर्वी बसली होती. तिला आठवा लागला होता. हृषिकेशला भीती होती ती एवढीच, की आपल्यामुळे तिला होईल.

आज बाहेरचं आणायचं खूळ त्याचंच. खाण्याच्या बाबतीत स्वारी हट्टी. ज्या हॉटेलाची दुसरी शाखा आहे तिथे जायचं नाही, मालक स्वतः शेगडीपाशी उभा हवा, असा याचा नियम. पुण्यात ठीक आहे हो, पण कालगुर्लीत अशी ठिकाणं असून असणार किती? तरी दर शनिवारी गाडी काढून गल्लीबोळ पालथे घालायचा. एका व्हिएतनामी बाईचं सापडलं, एका इटालियन आजोबांचं सापडलं. हाताखाली माणसं मिळेनात म्हणून त्यातली निम्मी या दोन वर्षांत बंदही झाली. मग एका आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, शेजारच्या बोल्डर गावाच्या बाजूला, एका जुन्या फिश अँड चिप्सच्या दुकानातून हिंग-मोहरीची फोडणी नाकात शिरली. त्याने भर रस्त्यात ब्रेक मारला. आत पद्माकाकू, मूळच्या साताऱ्याच्या. यजमान खाणीत होते, ते गेल्यावर बाईंनी चार टेबलं मांडली. पाटी नाही, मेन्यू नाही, मदतीला कुणी नाही. जे शिजेल ते खायचं. तेव्हापासून त्या दोघांना इथे माहेर मिळालं.

आज पाडवा. काकूंनी मॉपच्या दांड्याला जरीची साडी बांधून दाराशी गुढी उभारली होती. जेवण फक्त डब्यात. त्यांना बघायला म्हणून उर्वी महिन्याभरात पहिल्यांदाच घराबाहेर पडली. काकूंनी स्वतःचा मास्क हनुवटीवर ओढला, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून डोळे भरून पाहिलं आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. डबा घेऊन दोघं घरी आली ती थेट जेवायलाच बसली.

"उर्वी, लांब हो," हृषिकेश खुर्ची मागे सारत म्हणाला. "बेडरूममध्ये जा. दार लावून घे."

"अरे, काय झालं?"

"मला चव लागत नाहीये."

उर्वीच्या हातात वाटी होती. अर्धी संपलेली. तिने ती हळूच खाली ठेवली.

"मलाही नाही लागत," ती म्हणाली.

  काही बिनसलं तर पर्थचं मोठं हॉस्पिटल सहाशे किलोमीटर, तेही विमान मिळालं तर. गुरुवारी घरी आलोच कशाला, गाडीत का नाही झोपलो, असं त्याला झालं. रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

उर्वी मात्र उठली. पोट सांभाळत कपाटापाशी गेली, लोणच्याची बरणी काढली, एक फोड तोंडात टाकली. तिने डोळे गच्च मिटले.

"खा," बरणी पुढे करत ती म्हणाली.

त्याने भीतभीतच खाल्ली. आंबट. कडू मेथी. आणि मीठ, जीभ आक्रसून जाईल एवढं मीठ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आमटीच अळणी आहे रे," उर्वी म्हणाली आणि मटकन खाली बसली. "आज नैवेद्य नाही का? काकूंनी चाखलंच नसणार."

हे त्याच्या कसं लक्षात आलं नाही? देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, हे दोघांच्याही घरचं. त्याची आईसुद्धा सणाला एखाद्या भाजीत मीठ विसरायचीच. हृषिकेश हसायला लागला तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत. उर्वी म्हणाली, वेडाच आहेस, मला केवढं घाबरवलंस. त्याने आमटीत मीठ ढवळलं. मग दोघं अशी जेवली, की उर्वीने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

तेवढ्यात फोन वाजला. पद्माकाकू.

"जेवलात का रे?"

"काकू, नैवेद्य चाखत नाहीत, कबूल," तो म्हणाला. "पण मीठ विसरलात ना. इथे आमचा जीव जायची वेळ आली होती."



"नैवेद्याचं आधीच वेगळं काढलं होतं," काकू म्हणाल्या. "तुमची आमटी चाखल्याशिवाय कशी देईन मी? दोनदा चाखली. काही समजेचना. खारट झालं तर निस्तरता येत नाही, म्हणून मिठाचा हात आखडता घेतला."

"समजेना म्हणजे?"

"तेच विचारायला फोन केला रे बाळा," त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "परवापासून मला कशाचीच चव लागत नाहीये."