नव्या तारा

थळमधल्या एका बंगलेवाल्याने घर मोडून सामान विकायला काढलं, तेव्हा शिवदासकाकांनी त्यातली जुनी जपानी गिटार स्वस्तात उचलली. उतारवयात पुस्तकात बघून शिकलेली ती गिटार कुणाच्या कानी पडू नये, म्हणून दुपारी आळी झोपली की ते मागच्या पडवीत बसून हळूच वाजवत. शेवटी खाऱ्या हवेने गंजलेल्या तारा तुटल्या आणि वाजवणंच थांबलं.

दोन-चार दिवसांनी शेजारची जनी कुंपणाशी येऊन उभी राहिली. "काका, आताशा वाजवीत न्हाय तुमी?"

काकांनी चपापून विचारलं, "तुला ऐकू यायचं?"

"मंग! म्हणून तर बोंबील तुमच्या कुंपणाला वाळत घालते. तुमी वाजवाया बसलाव का एक कावला फिरकत न्हाय."

काका आधी शरमले, मग त्यांना हसू आलं. कुणाला तरी आपल्या वाजवण्याची गरज होती! मांडव्याहून बोटीने मुंबई गाठून त्यांनी नव्या तारा आणल्या आणि दुसऱ्या दुपारी, पहिल्यांदाच न घाबरता, डोळे मिटून मनापासून वाजवलं. त्या जुन्या लाकडातून इतका गोड सूर निघाला की त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना.

डोळे उघडले, तर कुंपणावर कावळ्यांची रांग. चोचीत बोंबील धरून सगळे शांत बसलेले.

 

"घात केलाव काका!" जनीने कपाळाला हात लावला. "तुमाला वाजवता यायला लागलं!"