नवरा मला एकच

जात्यावरचं दळण अर्धं सोडून ठकूबाई तिसऱ्यांदा उठली. रविवारी नदीवर सगळ्या घराचा बाप्तिस्मा होणार होता, पण पाळकसाहेबांनी तिच्या नवऱ्याला बजावलं होतं, "दोन बायका चालणार नाहीत. पहिली ठेवा, दुसरीला माहेरी पोचवा."

पहिली म्हणजे ठकूबाईच. सवत घरात आल्यापासून ती जावी म्हणून तिनं देव पाण्यात घातले होते. आता ती सवत, गिरजा, मुकाट्यानं लेकरांच्या कपड्यांचं गाठोडं बांधत होती आणि ठकूबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ती तडक पाळकसाहेबांकडे गेली. "तुमीच शास्त्रातलं वाचलंत, याकोबाला दोन बायका व्हत्या. देवानं एकीला हाकलली का?"

"देवानं चालवून घेतलं, बाई. पण आरंभी त्यानं एका पुरुषाला एकच बायको दिली. शिवाय याकोबाच्या घरातली आसवंही शास्त्रातच आहेत."

"आसवं मला ठावं हायेत. पर अब्राहामानं दुसरीला, हागारला, लेकरासकट रानात काढलं, तवा त्या पोराचं रडणं कुणी ऐकलं?"

"देवानं," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"मग ऐका. नवरा मला एकच, गिरजेलाबी एकच. दोन बायका त्यानं केल्या. बाप्तिस्मा त्याचा थांबवा, आमचा कशापायी? गिरजा कुठं जायची न्हाई."

पाळकसाहेबांनी मान डोलावली.

रविवारी ठकूबाई गिरजेचा हात धरून कमरेइतक्या पाण्यात उतरली. मागून लेकरं उतरली. नवरा काठावर दोघींची कोरडी लुगडी सांभाळत उभा होता.