तासभर झोप

महामार्गावरच्या ढाब्यापाशी बस थांबवून बशीरने तोंडावर पाण्याचे हबके मारले, तरी डोळे मिटतच होते. बदली ड्रायव्हर आलाच नव्हता. कालपासून गाडी तो एकटाच चालवत होता.

जेवून प्रवासी परतले, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "मला तासभर झोपू द्या. मघाशी घाटात माझा डोळा लागला होता."

एकच गलका झाला. "आमच्या वेळेचं काय?" "मालकाला फोन लावा!" बशीर पुन्हा स्टिअरिंगकडे वळला.

तेवढ्यात पुढच्या सीटवरची कुंदा उठली. सकाळपासून तीच त्याला सारखी विचारत होती, "अजून किती लांब?"

"सगळ्यात जास्त घाई मला आहे," ती म्हणाली. "माझी आई गेलीय. पण यांना झोपू द्या."

शेवटच्या रांगेतल्यांनी उठून जागा करून दिली. बशीर मागच्या सीटवर आडवा झाला आणि लगेच घोरू लागला.

कुंदाने खाली उतरून भावाला फोन लावला.

"दादा, माझ्यासाठी थांबू नका," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर आईला न्या."