काठावरच्या मॅडम

आचल मेश्राम धापा टाकत पाण्याबाहेर आली. शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीतून तिला अंतिम फेरीत जागा मिळाली होती, पण जेमतेम. सगळ्यात शेवटची.

"लडकी में दम है, मॅडम," कटरे सर काठावर उभ्या असलेल्या भाग्यश्रीला म्हणाले. "पण पोहता पोहता मुंडी वर काढते, काठाकडं पाहते. ऐसे नहीं चलेगा."

उमेंद्र कटरे गोंदियाच्या या स्विमिंग पुलावर कित्येक वर्षं मुलं तयार करत होते. शाळांची जिल्हा स्पर्धा तेच भरवायचे. पहिल्या दोघी नागपूरला विभागीय स्पर्धेला जाणार होत्या. आचल त्यात आली तर तिला आपल्याकडे शिकवायला घेईन, असंही ते सकाळी बोलून गेले होते.

 हा दोष भाग्यश्रीला सराव सुरू झाला तेव्हापासून ठाऊक होता.

भाग्यश्री बिसेन आमगावजवळच्या एका शाळेत खेळ शिकवायची. कबड्डी, खो-खो तिच्या हातचा मळ. आचल तिला गावच्या तलावात दिसली होती. आईसोबत शिंगाडे काढायला पाण्यात शिरलेली ही पोर असे सपासप हात मारत होती, की भाग्यश्री गाडी थांबवून बघतच राहिली. जवळपास कुठे स्विमिंग पूल नव्हता, म्हणून सराव तलावातच सुरू झाला. आचल तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, कडेकडेने पोहायची आणि भाग्यश्री पाळीवरून तिच्या बरोबरीने चालायची. पायाखाली निसरडी माती, तोंडात शिटी. हात कसा टाकायचा, श्वास कधी घ्यायचा, हे ती मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पोरीला सांगायची.

एक गोष्ट मात्र तिने कोणालाच सांगितली नव्हती. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातही ती पाय घालायची नाही. शाळेत कोणी विचारलं नाही आणि आचलला सांगायची तिची हिंमत झाली नाही. शिकवणारी बाईच पाण्याला भिते हे कळलं, तर पोरीने कोणाच्या भरवशावर उतरायचं?

त्यामुळे आचल मान वर काढून काठाकडे बघायला लागली की भाग्यश्री धास्तावायची. पोरीला पाण्याची भीती बसली, आणि ती आपल्यामुळेच बसली, असं तिला वाटायचं. तिने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. आचल सगळं ऐकून घ्यायची, हो मॅडम म्हणायची, आणि पाण्यात शिरली की पुन्हा तेच.

दुपारी पुलाच्या ओल्या फरशीवर एका शाळेचे शिक्षक घसरून आपटले. कटरे सरांनी लगेच माइकवरून सांगितलं, की अंतिम फेऱ्यांना सगळ्या शिक्षकांनी वर प्रेक्षकांत बसायचं, काठावर कोणी दिसायला नको. भाग्यश्री धावत त्यांच्याकडे गेली. पोरगी पहिल्यांदाच पुलात उतरलीय, तिला मी दिसले नाही तर ती मध्येच थांबेल, अशी तिने गयावया केली. सरांनी ऐकलं नाही. नियम सगळ्यांना एकच, म्हणाले.

तिने आचलला तसं सांगितलं. पोर रडेल, नाही म्हणेल, असं तिला वाटलं होतं. आचलने फक्त विचारलं, मॅडम कुठं बसतील. भाग्यश्रीने बोट दाखवलं. सगळ्यात वरची रांग, भिंतीला लागून. तेवढीच रिकामी होती.

ती वर जाऊन बसली. खाली उडी मारायच्या ठोकळ्यांवर पोरी उभ्या राहिल्या. आचल त्यांच्यात सगळ्यात बारकी. तिने वर पाहिलं, नजरेने मॅडमना शोधलं आणि मग खाली वाकली.

शिटी झाली. पोरी पाण्यात पडल्या.

भाग्यश्री वाट पाहत होती ती मान वर येण्याची. आता येईल, आता काठ बघेल, तिथं कोणीच दिसणार नाही, मग घाबरेल. पूल खोल होता. आपण धावत खाली गेलो तरी काठावर उभं राहून काय करणार, हा विचार येताच तिला बसवेना. ती उभी राहिली. मागच्या भिंतीला तिची पाठ टेकली.

मान वर आली नाही. पहिला फेरा झाला, आचल वळली. श्वासापुरतं तोंड बाजूला, पुन्हा पाण्यात. दुसऱ्या फेऱ्यात तिने एकीला मागे टाकलं, मग आणखी एकीला. कटरे सर काठाकाठाने चालत तिच्याकडेच बघत होते. शेवटी तिने भिंतीला हात लावला तेव्हा तिच्या आधी एकच मुलगी पोहोचली होती.

दुसरी. नागपूर.

भाग्यश्री पायऱ्या उतरून खाली आली तोवर आचल टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती. कटरे सर तिच्या पाठीवर थाप मारून पुढच्या फेरीकडे गेले होते. भाग्यश्री तिच्याशेजारी बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही. आता ही पोर पोहता येणाऱ्या माणसाच्या हाती जाईल, ते बरंच झालं, असं तिने स्वतःला समजावलं.

"या फेरीत एकदाही मान नाही काढली वर," ती म्हणाली. "मग एवढे दिवस काऊन पाहत होती माझ्याकडं?"

आचल टॉवेलाचं टोक पिळत राहिली. सांगावं की नाही, असं तिचं चाललं होतं.

"आत्ता तुम्ही पाण्यापासून लय दूर होत्या, मॅडम," ती हळूच म्हणाली. "तलावाच्या पाळीवर पाय घसरते. अन् तुमाले तं पोहता येत नाही. तुम्ही पडल्या असत्या, तं काढाले तिथं मी एकटीच होती."