लग्नाला दोन, अंतराला तीन

"सर, तुम्ही पोरींच्या उत्तरांची चक्क सरासरी काढलीत!" कलेक्टर मॅडमसमोर, भर बैठकीत, अहवाल लिहिणाऱ्या संख्याशास्त्राच्या सरांना मी बोललेच.

पोरींना शाळा का सोडली, हे वर्षभर पाड्यापाड्यावर घरोघर मीच विचारलं होतं. फॉर्मवर घरकामाला एक, लग्नाला दोन, लांबच्या अंतराला तीन, असे नुसते ओळखीपुरते आकडे होते. सरांनी ते खरं माप समजून सॉफ्टवेअरमधून, आकड्यांच्या सरासरी नि चढउतारावरून मुख्य कारण शोधणारं घटक विश्लेषण काढलं आणि अहवालात ठोकलं: अंतराचा प्रश्न नाही, पाड्यांवर बस नको.

"बारावी पास तू. आम्हाला संख्याशास्त्र शिकवणार?"

"शिकवते की! एक लग्न म्हणजे दोन घरकामं का?"

कलेक्टर मॅडम फिसकन हसल्या. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, लग्न आणि अंतराच्या आकड्यांची अदलाबदल केली, बटण दाबलं. सरांचा निष्कर्ष जागेवर उलटला. मग प्रत्येक उत्तर आकडा न मानता वेगळा प्रकार मानणारं, माझं मी शिकून बसवलेलं मॉडेल चालवलं. ओळखीचे आकडे तीनदा बदलले. तिन्ही वेळा सगळ्यात मोठं कारण एकच निघालं, अंतर.

सरांनी अहवाल पिशवीत घातला.

"मॅडम," मी विचारलं, "सोमवारी आमच्या पाड्यावर बस किती वाजता येणार?"