माणसासारखं मागून

अकरा वर्षं शुभांगीबाईंच्या घरात रात्रीतून श्रीखंडाचे डबे रिकामे होत होते. सकाळी कुणालाच काही आठवत नसे. पण शुभांगीबाई अकरा वर्षं एकच नाव घेत होत्या, सुनेचं.

“झोपेत उठून खातात हे लोक. मृण्मयीच्या माहेरच्या रक्तातच आहे ते,” नवा फ्रिज बसवायला आलेल्या माणसालाही त्यांनी ऐकवलं.

बोट लावलं की रक्तातला हा दोष ओळखणारा फ्रिज होता तो. दोष असलेल्यासाठी रात्री त्याचं दार उघडत नसे.

“रात्रीच कशाला? दिवसाही बंद ठेवा. खाऊ दे माणसासारखं मागून,” शुभांगीबाई म्हणाल्या. त्या माणसाने तसं करून दिलं.

मृण्मयीने बोट लावलं. दार उघडलं.

“बिघडलेला दिसतोय,” म्हणत शुभांगीबाईंनी स्वतःचं बोट दाबलं. लाल दिवा लागला. बोट पदराला पुसून त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

“काय हवंय, आई?” मृण्मयी म्हणाली. “मागा की, माणसासारखं.”

तेवढ्यात तिची आठ वर्षांची मुलगी ओवी शाळेसाठी गार पाण्याची बाटली घ्यायला आली. तिनेही बोट लावलं. लाल दिवा.

मृण्मयीचं हसू विरलं. शुभांगीबाईंनी नातीला कुशीत ओढलं.

“रडू नकोस गं,” त्या सुनेकडे बघत म्हणाल्या, “आता आपण दोघी मिळून मागू तुझ्या आईकडे.”