कमरेचा पट्टा

“धरलं होतं की नव्हतं, एवढंच सांगा बाई,” सरकारी वकील म्हणाले.

बेलापूरच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मैत्री उभी होती. समोर तिच्या नवऱ्याच्या, संघर्षच्या, खुनातले दोन आरोपी. मुकादम गोटीरामनं डोक्यात सळई घातली होती. धम्मपालनं मागून धरलं होतं. आता धरणं ते काय, आपण लेकराचा हात धरतो, हट्ट धरतो, अबोला धरतो. पण खुनाच्या खटल्यात धरणारा मारणाऱ्याच्याच रांगेत! एका शब्दावर जन्मठेप.

“धरलं होतं,” मैत्री म्हणाली. “पट्ट्याला. मागून.”

“फासावर चढवा मुडद्याला!” मागच्या बाकावरून सासू ओरडली. “माझ्या लेकराला धरून मारलं!” शिपायानं केशरबाईला खाली बसवलं.

धम्मपालनं मान वर केली नाही. दीड वर्षं तुरुंगात काढली, पण त्या दिवसाबद्दल त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

मैत्रीला जासईचं कंटेनर यार्ड दिसलं. हजेरीवरून भांडण पेटलेलं. डबा घेऊन ती फाटकाशी पोचली, तर संघर्ष गोटीरामच्या अंगावर धावत होता. ती घाबरून ओरडली. धम्मपालनं झेप घेऊन त्याचा पट्टा पकडला. गोटीरामनं सळई उचलली. संघर्षला बाजूला होता येईना. पहिला घाव कपाळावर. दुसरा कानावर, कवटी फुटल्याचा आवाज तिनं ऐकला. तिसरा पडला तेव्हाही पट्टा धम्मपालच्या मुठीतच होता.

“आणखी काही सांगायचंय?” न्यायाधीशांनी विचारलं.

नाही म्हटलं की सुटली. घर राहील, सासू राहील.

“साहेब, आमचे हे आणि धम्मपालदादा जोडीनं कंटेनरवर चढायचे. एकानं कडेला वाकून क्रेनची कडी सोडवायची, दुसऱ्यानं त्याचा पट्टा मागून धरायचा. सहा वर्षं ह्यांचा जीव धम्मपालदादांच्या मुठीत होता. एकदाही सुटला नाही.”

“त्या दिवशी तर दोघं जमिनीवर होते,” वकील म्हणाले. “मग कशाला धरलं?”

मैत्रीनं एकदा केशरबाईकडं पाहिलं.

“मी फाटकातून ओरडले म्हणून. ‘दादा, धरा ह्यांना!’”